पाणी कुठवर आलं? : स्वतः बांधलेलं लिनक्स सुरू होईना तेव्हा

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी कुठवर आलं?" कोयनेतून किती सोडलं, कऱ्हाडच्या कृष्णा पुलाला किती झालं, बहे, ताकारी, भिलवडी कुठवर पोचलं आणि आपल्या आयर्विन पुलाला किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये आकडा ५७ च्या वर गेला, तेव्हा नदीकाठच्या जुन्या माणसांना नुसत्या फुटांवरून कळत होतं की आता कुठल्या गल्लीत पाणी शिरणार. पाऊस किती पडला याची चर्चा मागाहून.

दिवाळीनंतर साताऱ्याहून भाच्याचा फोन आला. पोरगं इंजिनिअरिंगला आहे. परीक्षा संपल्यावर त्याने ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’चं पुस्तक समोर ठेवून अख्खी प्रणाली सोर्सपासून बांधली होती. जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प, पुस्तक फुकट मिळतं, फक्त चिकाटी स्वतःची लागते.

"मामा, लिनक्स सुरू होईना."

"कुठवर येतंय?"

"म्हणजे?"

"स्क्रीनवर शेवटची ओळ कुठली?"

"तसं बघितलं नाही हो. नुसतं अडकलंय. सगळं परत बांधायला घेऊ का?"

या शेवटच्या वाक्यासाठी हा लेख. स्वतः बांधलेली प्रणाली अडकली की नवखा माणूस एकतर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतो, नाहीतर दिसेल तो उपाय करत सुटतो. ग्रब पुन्हा बसव, कर्नल पुन्हा बांध, डिस्क बदल. दोन्हींत आठवडा जातो. आधी पाणी कुठवर आलंय ते बघा.

संगणक सुरू होतानाही टप्पे असतात. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, जुन्या यंत्रांत बायोस, नव्यांत यूईएफआय. ते डिस्कवरून ग्रब या बूटलोडरला उचलतं. ग्रब कर्नलची फाइल मेमरीत आणून तिच्या हाती कारभार देतो. कर्नल डिस्क ओळखतं, रूट पार्टिशन जोडतं आणि इनिट नावाचा पहिला प्रोग्राम चालवतं. पुढचं सगळं, अगदी लॉगिनपर्यंत, त्या इनिटच्या जिवावर. नियम एवढाच: जिथं अडलं त्याच्या अलीकडचं काम झालेलं आहे, पलीकडचं तपासायची वेळ अजून आलेली नाही. ग्रबचा मेनू दिसत असेल तर बायोसमधला बूट क्रम बदलत बसू नका. कर्नलच्या ओळी पळताना दिसल्या तर ग्रब पुन्हा बसवण्यात काही हशील नाही.

(कमांड आणि संदेश इथं देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

बांधलेल्या प्रणालीचा स्वभाव तयार लिनक्सपेक्षा वेगळा असतो, हेही आधी समजून घ्या. उबुंटू किंवा डेबियन हे लोणंद-फलटणवरून जाणाऱ्या दिंडीसारखं निघतं. तंबू, भांडी, पाण्याचा टँकर, सगळं ट्रकमध्ये सोबत. जगातल्या बहुतेक डिस्क कंट्रोलरांचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून त्याच्याकडे असतात आणि सुरुवातीला लागणारे मॉड्यूल इनिटरॅमएफएस नावाच्या छोट्या गाठोड्यात बांधून कर्नलला दिलेले असतात. पुस्तकाप्रमाणे बांधलेल्या प्रणालीत हे गाठोडं मुळात नसतं. कर्नल एका झोळीवर निघालेलं असतं. झोळीत जे आहे तेवढंच वाटेत उपयोगी पडणार. डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधला तर तो मॉड्यूल त्याच डिस्कवर पडलेला असतो, जी उघडायला तो हवा आहे. कपाटाची किल्ली कपाटात. म्हणून कर्नल कॉन्फिगर करताना डिस्कचा कंट्रोलर, एससीएसआय डिस्कचा आधार आणि रूटची फाइलसिस्टिम या गोष्टींपुढे ‘एम’ नको, ‘वाय’च हवं, म्हणजे कर्नलच्या पोटात पक्कं.

आता वाचायचं कसं. स्क्रीनवर नुसता लोगो किंवा काळोख असेल तर ग्रबच्या मेनूत नोंदीवर उभं राहून ‘ई’ दाबा. नोंद उघडते. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट’ हा शब्द असला तर काढा, शेवटी ‘इग्नोर_लॉगलेव्हल’ जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, फाइलला धक्का लागत नाही, त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा. ओळी भराभर पळून जातात आणि कर्नल एकदा कोसळलं की मागं जाऊन वाचता येत नाही. पूर्वी शिफ्ट-पेजअपने कन्सोल मागं सरकवता यायचा, ती सोय कर्नल ५.९ पासून काढून टाकली आहे. त्यावर माझा उपाय साधा. मोबाइल स्क्रीनसमोर धरायचा आणि स्लो-मोशनमध्ये व्हिडिओ काढायचा. नंतर एकेक चित्र थांबवून वाचायचं. या कामात मोबाइलचा याहून चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही.

फर्मवेअरपाशीच अडलं, म्हणजे ‘नो बूटेबल डिव्हाइस’ वगैरे आलं, तर गोष्टी थोड्याच. ग्रब कुठल्या पद्धतीचा बांधलाय आणि यंत्र कुठल्या पद्धतीने सुरू होतंय, हे जुळतंय का बघा. पुस्तकातला मूळ ग्रब बायोससाठी आहे. यूईएफआयसाठी वेगळी बांधणी आणि फॅट३२ चं ईएफआय पार्टिशन लागतं. पेनड्राइव्हवरून कुठलंही लाइव्ह लिनक्स सुरू करून /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी आहे का पाहा. असली तर ते यूईएफआयने सुरू झालंय. यंत्र बायोसचं आणि डिस्क जीपीटीची असेल तर १ एमबीचं ‘बायोस बूट’ पार्टिशन ठेवावं लागतं, ते विसरलं की ग्रब बसताना कुरकुर करतो आणि पुष्कळ जण ती कुरकुर न वाचता पुढे जातात. सिक्युअर बूट चालू असेल तर बंद करा, घरी बांधलेल्या ग्रबवर कुणाची सही नसते.

ग्रबपाशी अडलं तर आधी प्रॉम्प्ट नीट वाचा. नुसतं ‘ग्रब’ दिसतंय की ‘ग्रब रेस्क्यू’? नुसतं ‘ग्रब’ असेल तर ग्रब धडधाकट आहे, त्याला फक्त त्याची मेनूची फाइल सापडली नाही. ‘रेस्क्यू’ असेल तर त्याला स्वतःची मॉड्यूल्सच सापडलेली नाहीत. बहुतेकदा पार्टिशनं पुसून परत केल्यामुळे क्रमांक सरकलेले असतात. रेस्क्यूत ‘एलएस’ टाइप करा. (एचडी०), (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी२) अशी नावं दिसतील. डिस्क शून्यापासून मोजतात, पार्टिशन एकपासून, आणि या विसंगतीने आजवर पुष्कळांची रात्र घालवली आहे. मग एकेकात डोकावा: एलएस (एचडी०,जीपीटी२)/ आणि शेवटची तिरकी रेघ विसरू नका. ज्यात ‘बूट’ डिरेक्टरी दिसेल ते आपलं. मग सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब, त्यानंतर सेट रूट=(एचडी०,जीपीटी२), मग इन्समॉड नॉर्मल, आणि शेवटी नुसतं नॉर्मल. मेनू उगवतो. /बूट वेगळ्या पार्टिशनवर ठेवलं असेल तर मार्गातला ‘/बूट’ गाळायचा, कारण त्या पार्टिशनच्या दृष्टीने फाइल मुळातच आहे. हीच चूक मेनूच्या फाइलमध्येही होते: कर्नलचा मार्ग /बूट/व्हीएमलिनक्झ लिहिलेला आणि प्रत्यक्षात हवा नुसता /व्हीएमलिनक्झ.

एकदा आत शिरलात की ग्रब-इन्स्टॉल चालवून दुरुस्ती कायमची करा. बायोसच्या यंत्रावर त्याला अख्ख्या डिस्कचं नाव द्यायचं, एसडीए. पार्टिशनचं, एसडीए२, नव्हे.

‘एलएस’ केल्यावर सगळ्याच पार्टिशनांसमोर ‘अननोन फाइलसिस्टिम’ आलं तर डिस्क मेली म्हणून घाबरू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२एफएसप्रॉग्ज १.४७.० आलं, त्यात ईएक्सटी४ बनवताना ‘मेटाडेटा_सीएसयूएम_सीड’ हे वैशिष्ट्य आपोआप चालू होऊ लागलं. ग्रब २.०६ ला ते ठाऊकच नाही. त्यामुळे नव्या लिनक्सवरून पार्टिशन फॉरमॅट केलं आणि त्यावर जुना ग्रब बसवला की तो पार्टिशनाकडे परक्यासारखा बघतो. ग्रब २.१२ मध्ये हा प्रश्न सुटला. जुनाच ठेवायचा असेल तर पार्टिशन जोडलेलं नसताना ट्यून२एफएसने ते वैशिष्ट्य बंद करता येतं.

ग्रबच्या फाइलमध्ये ‘रूट’ हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. ‘सेट रूट=’ ग्रबला सांगतं की कर्नलची फाइल कुठल्या पार्टिशनवर आहे. ‘लिनक्स’ ओळीतलं ‘रूट=’ कर्नलला सांगतं की जागं झाल्यावर कुठलं पार्टिशन आपलं घर मानायचं. पहिलं ग्रबच्या भाषेत, (एचडी०,२), दुसरं कर्नलच्या भाषेत, /डेव्ह/एसडीए२. शिवाय तिसरा रूट म्हणजे प्रणालीचा मालक. ज्या कुणी ही नावं ठेवली त्याच्या घरात सगळ्या मुलांचं नाव एकच असावं.

आता कर्नल. इथंच सर्वाधिक गाड्या अडतात, म्हणून थोडं थांबू.

भाच्याने व्हिडिओ पाठवला. शेवटची ओळ अशी होती: कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०). हा संदेश बघून लोकांचा धीर सुटतो, पण यात कंसातले दोन आकडे सोन्यासारखे आहेत. पहिला आकडा डिस्कच्या जातीचा, दुसरा नेमक्या पार्टिशनाचा. सॅटा डिस्कची जात ८. एसडीए२ म्हणजे (८,२), आणि दुसरी डिस्क एसडीबी (८,१६) पासून सुरू होते. एनव्हीएमईची पार्टिशनं २५९ मध्ये येतात. तर (८,२) दिसलं म्हणजे डिस्क सापडली, पार्टिशन सापडलं, पण त्यावरची फाइलसिस्टिम वाचता येईना. मग ईएक्सटी४ कर्नलच्या पोटात आहे का तपासा. (०,०) दिसलं म्हणजे सांगितलेल्या नावाचं काही सापडलंच नाही.

सापडलं का नाही, याचं उत्तर त्याच्या चार ओळी वर असतं, आणि तिथंच कुणी बघत नाही. पॅनिक होण्याआधी कर्नल सांगतं की बरोबर ‘रूट=’ द्या, उपलब्ध पार्टिशनं अशी आहेत, आणि यादी छापतं. यादीत पार्टिशनं आहेत पण नावं वेगळी, म्हणजे तुम्ही एसडीए२ लिहिलंय आणि यादीत एसडीबी२ आहे, किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हीडीए२ आहे, तर दोष फक्त नावाचा. पेनड्राइव्ह लावलेला राहिला तरी नावं अशी सरकतात. नावाऐवजी पार्टयूयूआयडी वापरलं की ही कटकट संपते. बीएलकेआयडी कमांड ते दाखवते. पण जपून: कर्नलला स्वतःला पार्टयूयूआयडी कळतं, फाइलसिस्टिमचं नुसतं यूयूआयडी कळत नाही. ते समजून घेण्याचं काम इनिटरॅमएफएस करतं, आणि आपल्याकडे ते नाही. उबुंटूच्या ग्रबमधून ओळ उचलून आपल्यात चिकटवणारे इथंच फसतात.

यादीत डिस्क आहे पण पार्टिशनं नाहीत, असं क्वचित होतं. तेव्हा बहुधा जीपीटीचा आधार कर्नलमध्ये नसतो. डिस्क यूएसबीची असेल आणि यादी रिकामी असेल तर बहुधा कर्नलने घाई केलेली असते. यूएसबी डिस्क ओळखायला काही सेकंद लागतात. ‘रूटवेट’ हा शब्द ओळीत घाला, कर्नल थांबेल. एनव्हीएमई असेल तर त्याचा पर्याय स्वतः चालू करावा लागतो, पुस्तकात ती सूचना वेगळी दिलेली आहे, वाचताना डोळ्यांखालून निसटते.

भाच्याची यादी रिकामी होती. साधी सॅटा डिस्क, कोण्या ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप. आणि त्याचं म्हणणं एकच: "मामा, गावाला जायच्या आदल्या रात्री व्यवस्थित चालत होतं. मी हातसुद्धा लावला नाही." असं कुणी म्हटलं की मी सहसा विश्वास ठेवत नाही. पण पोरगं खरं बोलत होतं.

व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. कर्नलच्या कितीतरी आधी, बटण दाबल्यावर तिसऱ्या सेकंदाला, काळ्या स्क्रीनवर एक इंग्रजी ओळ येते आणि खाली ‘एफ१ दाबा’. भाच्याचं बोट व्हिडिओतच एफ१ वर जाताना दिसतं. विचारलं, "ते काय म्हणतंय?" म्हणाला, "ते रोज म्हणतंय आता. एफ१ दाबलं की पुढं जातं." ती ओळ होती सीमॉस चेकसम चुकल्याची. म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपला होता. दिवाळीला आठ दिवस घर बंद, आणि निघताना माझ्या बहिणीने सवयीप्रमाणे भिंतीवरची सगळी बटणं बंद केली. वीज चालू असते तोवर सेल मेलेला कळत नाही, बायोसच्या सेटिंग मुख्य विजेवर तग धरतात. आठ दिवस वीज नाही, सेलही नाही, मग बायोस सगळं विसरून कारखान्यातल्या सेटिंगवर गेला. त्या जुन्या बोर्डावर सॅटाची मूळ सेटिंग होती आयडीई. भाच्याने कर्नल बांधताना चालू होती एएचसीआय, आणि ‘लागत नाही ते कशाला’ म्हणून बाकीचे सगळे ड्रायव्हर त्याने मन लावून काढून टाकले होते.

आता ग्रब का चालला आणि कर्नल का अडलं, हेही यातच आहे. ग्रब डिस्क वाचायला बायोसचीच सेवा वापरतो, त्याला एएचसीआय काय आणि आयडीई काय, सारखंच. कर्नल मात्र बायोसला बाजूला सारून स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्कशी बोलतं. ग्रबला डिस्क दिसते म्हणून कर्नललाही दिसेल, हे गृहीत धरू नका. याच यंत्रावर उबुंटू असतं तर ते काही न बोलता सुरू झालं असतं, दोन्ही ड्रायव्हर त्याच्या ट्रकमध्ये असतात. सेल पन्नास रुपयांच्या आत मिळाला, बायोसमध्ये एएचसीआय आणि तारीख परत भरली, प्रणाली उठली. पुन्हा बांधली असती तर अगदी तीच अडचण पुन्हा समोर आली असती. घड्याळ मागं गेल्याचे आणखीही उपद्रव असतात. डिस्क तपासणी ‘शेवटचं माउंट भविष्यकाळात झालंय’ अशी तक्रार करते, आणि मेक फाइलींच्या वेळा बघून गोंधळतं. जुन्या यंत्रावर बांधायला बसण्याआधी सेल बदला. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यापासून असे डेस्कटॉप लिनक्ससाठी पुष्कळ निघतायत, आणि त्यांतले बहुतेक सेल त्यांच्याच वयाचे आहेत.

कर्नलने रूट जोडलं आणि मग कोसळलं, तर पुढचा टप्पा इनिटचा. ‘नो वर्किंग इनिट फाउंड’ आलं म्हणजे /एसबिन/इनिट नाही, किंवा आहे पण चालवता येत नाही. फाइल डोळ्यांनी दिसते आणि तरी ‘अशी फाइल नाही’ म्हणजे त्रुटी -२ येते, तेव्हा नसतो तो तिला चालवणारा लोडर, एलडी-लिनक्स. प्रणाली एका डिस्कवरून दुसरीवर नेताना अशी गडबड होऊ शकते. आता /लिब, /बिन, /एसबिन या तिन्ही /यूएसआरमध्ये नेणाऱ्या सिमलिंका असतात, एक तुटली तरी सगळं ठप्प. नेताना सीपी -ए वापरा. ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’ आणि पुढे एक्झिटकोड ०x००००७एफ०० असेल तर इनिट सुरू होऊन लगेच मेला. सात-एफ म्हणजे १२७, बहुधा एखादी शेअर्ड लायब्ररी सापडली नाही. पुस्तकात शेवटी फाइली ‘स्ट्रिप’ करून जागा वाचवायचा ऐच्छिक भाग आहे, तो उरकल्यावर हा संदेश आला तर कारण शोधत फिरू नका. आजकालच्या डिस्कवर त्या जागेने काही फरक पडत नाही, मी तो भाग सरळ सोडतो.

दोष कर्नलचा की इनिटच्या बाजूचा, हे ठरवायची एक झटपट चाचणी आहे आणि दुरुस्तीची वाटही तीच. लाइव्ह पेनड्राइव्हने यंत्र सुरू करा. आपलं रूट पार्टिशन /एमएनटीवर जोडा. मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन हे चारही त्याच्या आत बाइंड करा, आणि सीएचरूट /एमएनटी /बिन/बॅश. आत जाता आलं, कमांड चालल्या, तर लायब्ररी, शेल, लोडर सगळं शाबूत आहे आणि दोष कर्नल किंवा ग्रबकडे. सीएचरूटच ‘अशी फाइल नाही’ म्हणालं तर दोष आतल्या फाइलींचा. ज्याला बांधणीच्या वेळचं सीएचरूट आठवतं त्याला हे नवीन नाही, पण प्रणाली ‘पूर्ण’ झाल्यावर तिथं परत जाता येतं हे लोक विसरतात. बांधताना आपण त्याच दारातून आत होतो, दार अजून उघडं आहे.

एफएसटॅबची चूक वेगळ्या तऱ्हेने दिसते. सिस्टिमडीची प्रणाली असेल तर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणून लाल तारे इकडून तिकडे फिरतात आणि दीड मिनिट मोजलं जातं. नंतर इमर्जन्सी मोड. एखादं पार्टिशन परत फॉरमॅट केलं की त्याचं यूयूआयडी बदलतं आणि एफएसटॅबमध्ये जुनंच राहतं, हे नेहमीचं. इमर्जन्सीत रूटचा पासवर्ड मागतात. तो ठेवलाच नसेल तर ‘रूट अकाउंट लॉक्ड’ म्हणून तिथंही दार बंद. तेव्हा ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ओळीच्या शेवटी ‘आरडब्ल्यू इनिट=/बिन/बॅश’ घाला, सरळ शेल मिळेल. पासवर्ड ठेवा, एफएसटॅब सुधारा, सिंक करा आणि यंत्र बंद करून चालू करा. दुय्यम डिस्कांच्या नोंदींत ‘नोफेल’ लिहिलेलं असलं की असल्या फालतू कारणाने प्रणाली अडत नाही.

काळी स्क्रीन हा सगळ्यात फसवा प्रकार, कारण वाचायलाच काही नाही. आधी यंत्र जिवंत आहे का बघा. कॅप्स लॉक दाबून दिवा बदलतो का? बदलत असेल तर कर्नल चालू आहे, फक्त चित्र नाही. लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा दिवा आपणहून लुकलुकत असेल तर पॅनिक झालाय आणि तो तुम्हाला दिसत नाही एवढंच. यूईएफआयच्या यंत्रावर बहुधा सिंपलडीआरएम आणि फ्रेमबफर कन्सोल हे पर्याय राहिलेले असतात. ओळीत ‘अर्लीकॉन=ईएफआयएफबी’ घातलं की निदान सुरुवातीच्या ओळी दिसतात, मात्र कर्नलमध्ये तो पर्याय हवा. सुरुवातीच्या ओळी दिसून अक्षरं बारीक होण्याच्या क्षणी अंधार पडत असेल तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर. एएमडीचा ड्रायव्हर पोटात पक्का बांधला आणि त्याची फर्मवेअर फाइल मात्र डिस्कवर ठेवली, की त्याला ती वेळेवर मिळत नाही, रूट अजून जोडलेलंच नसतं. इथं नियम उलटा: हा ड्रायव्हर ‘एम’ करा, किंवा फर्मवेअरही कर्नलमध्येच भरा. तोवर ‘नोमोडसेट’वर भागवा.

आणखी एक, हसण्यासारखं पण दर महिन्याला कुणीतरी करतं. कर्नल नवं बांधलं, पण बीझेडइमेज फाइल /बूटमध्ये नेलीच नाही. मग तीन तास जुन्या कर्नलवर नवे उपाय चालतात. यूनेम -ए मध्ये बांधणीचा क्रमांक आणि तारीख असते. यंत्र कसंबसं उठत असेल तर ती बघा. उठतच नसेल तर ‘लिनक्स व्हर्जन’ने सुरू होणारी कर्नलची अगदी पहिली ओळ व्हिडिओत थांबवून वाचा, तारीख तिच्यातही असते. नवीन कर्नल जुन्याच्या डोक्यावर टाकू नका. वेगळ्या नावाने ठेवा आणि ग्रबमध्ये जुन्याची नोंद राहू द्या. .कॉन्फिग फाइलही त्याच नावाने /बूटमध्ये ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी ‘तेव्हा काय काढलं होतं?’ याचं उत्तर तुमच्याकडेच नसेल. आणि छाटणी करायचीच असेल तर आधी प्रणाली उठू द्या, मग एका वेळी मूठभर पर्याय काढा. भाच्याने पहिल्याच बांधणीत कात्री चालवली होती.

एवढं करूनही नाही जमलं तर विचारा. सातारा-सांगलीकडे विचारायला माणसं आहेत. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात तर ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ हा विद्यार्थ्यांचा गटच आहे. पण कुणालाही विचारताना ‘बूट होत नाही’ एवढंच सांगू नका, त्यावर कुणीच काही सांगू शकत नाही. यंत्र बायोसचं की यूईएफआयचं, डिस्क सॅटा की एनव्हीएमई, ग्रबमधली ‘लिनक्स’ ओळ जशीच्या तशी, लाइव्ह पेनड्राइव्हवरून काढलेलं एलएसबीएलकेचं आउटपुट, .कॉन्फिग फाइल, आणि शेवटी काय बदललं होतं ते. शेवटच्या स्क्रीनचा फोटो हवाच, सगळ्या वीस-पंचवीस ओळींचा, नुसत्या पॅनिकच्या ओळीचा नको. काढताना फ्लॅश बंद ठेवा. नाहीतर नेमका कंसातल्या दोन आकड्यांवर पांढरा डाग पडतो.